खोत सरांचं शून्य

खोत सर आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दारात चपला काढल्या, खिशातून स्टीलची टेप काढली आणि आमचा सोफा मोजला. नमस्कार त्यानंतर झाला.

मी चहाचं आधण ठेवायला आत वळले होते. परत येते तो हे गृहस्थ गुडघ्यांवर बसलेले, टेपचं टोक सोफ्याच्या कडेला लावलेलं, आणि माझ्या नवऱ्याला विचारतायत, "शून्य कुठंय?"

"अं?" नवरा म्हणाला.

"टेपचं शून्य, शून्य. आधी शून्य कुठंय ते बघायचं, मग माप बोलायचं."

नवऱ्याने चष्मा लावून शून्य शोधलं. सोफा एक मीटर नव्वद भरला. तो आकडा सरांनी डायरीत लिहून घेतला, कशासाठी ते देव जाणे. मग उठून धोतर झटकल्यासारखी पँट झटकली आणि म्हणाले, "मी दिगंबर खोत. निखिलचा बाप. पलीकडच्या घरात उतरलोय."

निखिल म्हणजे आमचा शेजारी. डब्लिनच्या सिटीवेस्ट भागात आमची घरं एका भिंतीनं जोडलेली आहेत. त्याचे वडील कऱ्हाडजवळच्या एका हायस्कुलातून पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. आई नाही. दर उन्हाळ्यात ते तीन महिने मुलाकडे येतात. इथे येणारे बाकीचे आईवडील पार्कात फेऱ्या मारतात, नातवंडांना श्लोक शिकवायचा प्रयत्न करतात आणि रात्रीचे दहा वाजले तरी ऊन जात नाही म्हणून कुरकुरतात. खोत सर मोजतात. आमच्या रांगेतली सगळी घरं एकाच मापाची आहेत असा आमचा समज होता. सरांनी महिन्याभरात सिद्ध केलं, की आमचा हॉल निखिलच्या हॉलपेक्षा चार सेंटिमीटरनं अरुंद आहे. माझा नवरा आठवडाभर निखिलशी नीट बोलला नाही.

लुआस, म्हणजे इथल्या ट्रामच्या थांब्यापासून घरापर्यंतचं अंतर त्यांनी मोजलंय. मी हळद-मसाले ठेवते ते प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत भिंतीतलं कपाट, तेही मोजलंय. नात इरा सात वर्षांची. ती दर महिन्याला भिंतीला टेकून उभी राहते आणि आजोबा वाकून तळपायाकडे बघतात.

"शून्य कुठंय?"

"ऑन द फ्लोअर, आजोबा. इट्स ग्रँड," इरा कंटाळून म्हणते. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून डब्लिनच बाहेर पडतं.

"ग्रँड न्हाई. टाच उचललीयेस."

मी एकदा विचारलं, "सर, हे मोजायचं वेड कधीपासून?"

"वेड काय त्यात? कामच होतं माझं. भालाफेकीच्या राष्ट्रीय स्पर्धा. तीस वर्षं मी मैदानात होतो."

मला एकदम आदर वाटला. "म्हणजे तुम्ही भाला फेकायचात!"

"छ्या. माझा खांदा कुठं तसला? मी मोजायचो."

'मी सर्जन आहे' हे वाक्य काही लोक ज्या आवाजात म्हणतात, त्या आवाजात ते 'मी मोजायचो' म्हणाले.

पुढे त्यांनी मला ते काम समजावून सांगितलं, आमच्याच हॉलमध्ये, लाटणं भाला म्हणून वापरून. टेपला दोन माणसं लागतात. एक फेकणाऱ्याच्या रेषेपाशी उभा राहून आकडा वाचतो. दुसरा लांब तिकडे, जिथे भाला येऊन पडतो तिथे. भाल्याचं टोक जमिनीला जिथे प्रथम लागलं त्या खुणेवर टेपचं शून्य धरायचं, हे त्याचं काम. खोत सर शून्यावरचे. टाळ्या सगळ्या दुसऱ्या टोकाला वाजतात. या टोकाला ऊन, माती आणि आपल्या दिशेने येणारे भाले. अशा जागी माणूस दरवर्षी शाळेतून रजा काढून, आगगाडीत दोन-दोन रात्री बसून हौसेनं जायचा, हे मला पटायला जरा वेळ लागला.

सरांच्या कालगणनेत दोनच युगं आहेत, जुना भाला आणि नवा भाला. पुरुषांचे भाले फार लांब जायला लागले, आडवे पडायला लागले, म्हणून मधे कधीतरी त्यांचा तोल थोडा पुढे सरकवला. तेव्हापासून भाला लवकर नाक खाली घालतो. आपल्या दृष्टीने एवढंच. पण सर विचारतात, "तुझा जन्म जुन्या भाल्यातला का नव्या?" त्यांचं स्वतःचं लग्न जुन्या भाल्यात झालं. निखिल नव्या भाल्याच्या पहिल्या वर्षी झाला. "स्पर्धेतनं परत आलो तर पाळण्यात हा," असं ते सांगतात, आणि निखिल फोनमध्ये डोकं घालून बसतो.

आता त्यांच्या इतिहासाविषयी. 'राष्ट्रीय भालाफेक स्पर्धांचा इतिहास' या नावाचा ग्रंथ सर लिहितायत. सहा लांबडी रजिस्टरं. ती हातातल्या बॅगेतून विमानात येतात, कारण सामानात टाकली आणि हरवली तर देशाचा इतिहास हरवेल. ते टाइप करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सँडीफोर्डच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. बुधवारी घरून काम असतं. जेवणाच्या सुट्टीत सर यायचे, डायनिंग टेबलाशी ताठ बसायचे आणि सांगायचे. मी कीबोर्ड बडवायचे.

मला वाटलं होतं, विजेत्यांची नावं आणि आकडे असतील. ती होतीच. पण एकेका वर्षाच्या पानावर सर असं काही सांगायचे: "मैदान: काळी माती, वरनं रोलर फिरवलेला, पण डाव्या कोपऱ्यात ओल. वारा: फेकणाऱ्याच्या उजवीकडून, दुपारनंतर पडला. भाले: चार, पैकी एक वाकडा. पाहुणे: उशिरा आले. जेवण: वांग्याची भाजी, भात, ताक. मीठ कमी."

"सर, जेवण कशाला?"

"इतिहास हाय का न्हाई?"

"भालाफेकीचा आहे ना?"

"मग भालाफेक करणारी माणसं जेवत न्हाईत व्हय?"

तेव्हा प्रत्येक वर्षाचं जेवण टाइप झालं. मिठाची नोंद तर कुठेही सुटलेली नाही. सरांच्या मते एकूण मीठ कमीच पडत आलंय. असा हा इतिहास पुरा झाला की शंभर प्रती छापून जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला एकेक द्यायची, हे त्यांचं ठरलेलं होतं. यंदा परत जायच्या आत तो संपवायचाच, असं ते आल्या आल्या म्हणाले होते.

चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. त्यामुळे पाचव्या रजिस्टरातलं ते पान मला लगेच खटकलं. मुलींची स्पर्धा. त्या वर्षी ती आपल्याकडेच, महाराष्ट्रात भरली होती. मैदान होतं, वारा होता, भाले होते, पाहुण्यांना चढलेला ताप होता. पण 'प्रथम' या शब्दापुढे काही नव्हतं. 'द्वितीय' कोरं. आणि सगळ्यात खाली 'जेवण' लिहून पुढे तेही कोरं.

"सर, इथे राहिलंय."

"ऱ्हाऊ दे."

"विजेतीचं नाव आठवत नसेल तर शोधू आपण. कुठेतरी असेलच."

"आठवतंय. ऱ्हाऊ दे म्हटलं ना. पुढचं पान घे."

त्यांचा आवाज चढला होता. सर माझ्यावर कधी चिडले नव्हते. मी पुढचं पान घेतलं, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. पुढचे तीन बुधवार मी वेगवेगळ्या वाटांनी त्या पानाकडे येऊन बघितलं. सर दर वेळी चहा मागायचे.

जायला दहा दिवस उरले असताना शनिवार आला. घराजवळच्या एका ॲथलेटिक्स क्लबात मुलामुलींच्या स्पर्धा असतात, आणि सर तिथे दर शनिवारी जाऊन कुंपणाशी उभे राहतात. क्लबात डेक्लन नावाचा एक सत्तरीचा गृहस्थ आहे. तोही जन्मभर मोजत आलेला. दोघांची भाषा एक नाही. सर त्याला मराठीत समजावतात, तो सरांना आयरिश इंग्रजीत, आणि दोघांचं उत्तम चाललेलं असतं. डेक्लन सरांना 'युअर मॅन विथ द टेप', म्हणजे 'तो टेपवाला', म्हणतो. त्या दिवशी निखिलला जमत नव्हतं, म्हणून मी सरांना घेऊन गेले. पाऊस होता, म्हणजे इथल्या हिशेबानं नव्हता. कुणी छत्री उघडत नाही असला भुरभुर.

मुलींची भालाफेक चालू होती. डेक्लन रेषेपाशी आकडा वाचत होता आणि लांबच्या टोकाला कुणाची तरी आई मदतीला उभी होती, एका हातात कॉफी आणि एका हातात टेप. टेप नवी कोरी होती. एका उंच, लाल केसांच्या मुलीनं भाला फेकला. तो चांगला लांब जाऊन रुतला. त्या आईनं वाकून टेपची कडी खुणेवर ठेवली.

आणि खोत सर कुंपण ओलांडून धावले.

अडुसष्ट वर्षांचा माणूस, पायात सँडल, गवत निसरडं. "नो! नो! मॅडम, शून्य! झीरो कुठंय? व्हेअर इज झीरो?" ती बाई घाबरून कॉफीसकट मागे सरली. मैदान थांबलं. मी कुंपणाशी उभी राहून, आपण यांच्याबरोबर आलेलो नाही असा चेहरा करायचा प्रयत्न करत होते. डेक्लन सावकाश चालत आला. सरांनी ओल्या गवतात गुडघे टेकले आणि टेपवर बोट ठेवून त्याला दाखवलं. त्या टेपचं शून्य कडीपाशी नव्हतंच. कडीपासून मूठभर आत होतं. कडी खुणेवर धरली, तर प्रत्येक मुलीचा भाला मूठभर कमी भरणार.

डेक्लननं ते बघितलं, टोपी काढली आणि म्हणाला, "जीझस, ही इज राइट." मग शून्य खुणेवर धरून पुन्हा मोजलं. लाल केसांच्या मुलीला तिची मूठ परत मिळाली आणि तिनं उडी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि या खेपेला त्या शून्याच्या टोकाला वाजल्या. मलाही आता आपण यांच्याबरोबर आलोय असं वाटायला लागलं.

सर मात्र कुणाकडे न बघता गाडीत येऊन बसले. गुडघे हिरवे झाले होते. मी गाडी सुरू केली.

"थांब जरा," ते म्हणाले. "ते पान विचारत होतीस ना?"

मी इंजिन बंद केलं.

"शकुंतला माने. आमच्याच भागातली पोरगी. मीच भाला हातात दिलेला तिच्या, शाळेत. त्या वर्षी फायनलला पंजाबची हरजीत पुढं होती, आणि शकूची शेवटची फेक उरलेली. तेवढ्यात आमची जुनी टेप तुटली. त्या टेपचं शून्य कडीच्या टोकाला होतं. कुणीतरी नवी आणून दिली. शकूनं फेकला. लांब गेला, मला तिथनं कळलं, लांब गेला. मी कडी धरली खुणेवर. सवयीनं. दोन बोटांनी कमी भरला. हरजीत पहिली."

मी काचेवरची वाफ हातानं पुसली.

"बक्षिसं वाटली, सगळे जेवायला बसले, आणि मी टेप पुसून गुंडाळायला घेतली. तेव्हा दिसलं. कडी इथं, शून्य तिथं. दोन बोटांनी हरली आणि मी मूठभर खाल्लेला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? आमच्या भागातली, माझी विद्यार्थिनी. म्हणले असते, खोत आपल्या पोरीला मापून देतोय. आणि..." ते खिडकीबाहेर बघत होते. "आणि खरं सांगू का, पुढच्या वर्षी मला बोलावलं नसतं. ती भीती होती. शकूला पाच पत्रं लिहिली. एक पण टाकलं न्हाई."

"आणि ती?"

"तिच्या बापाची अट होती. पहिली आलीस तर पुढं खेळ. न्हाईतर बास. मार्गशीर्षात लग्न झालं तिचं."

मला त्या क्षणी सरांचा भयंकर राग आला. ते पुढेही कितीतरी वर्षं मैदानावर गेले आणि ती एकदाही गेली नाही. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलंही. त्यांनी मान हलवली. बरोबर मापाला हलवावी तशी, एकदाच.

"दर दिवाळीला फोन करती मला," ते म्हणाले. "शाळेत शिकवती आता. मी विचारतो, बरी हायेस का. झालं. आणि हरजीत भेटली मागं एकदा. पदक हॉलमध्ये लावलंय म्हणली. आता पहिलं कुणाचं नाव घालू? हरजीतचं घातलं तर खोटं, शकूचं घातलं तर हरजीतकडनं काढून घेतलं. म्हणून कोरं."

"हे शकुंतलाबाईंना विचारा ना," मी म्हणाले. रागातच म्हणाले. "माप त्यांचं आहे."

रविवार गेला, सोमवार गेला. मला वाटलं, सर आता यायचेच नाहीत. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. रजिस्टर टेबलावर ठेवलं, शेजारी फोन ठेवला. "स्पीकरवर लाव. मला नीट ऐकू येत न्हाई. आणि तू उठू नको."

तिकडे संध्याकाळ होत आली असेल. भांड्यांचा आवाज आला, मग एक मोठा, मोकळा आवाज. "सर! आयर्लंडवरनं? आणि दिवाळी न्हाई काय न्हाई?"

सरांनी सांगितलं. टेप, कडी, शून्य, मूठ. पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं, बहुधा त्या पाच पत्रांतलं असावं. शेवटी म्हणाले, "चूक माझी होती, शकू. तू पहिली होतीस." आणि थांबले.

पलीकडची भांडी थांबली. सर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"सर, मग किती भरला हो?" तिनं विचारलं.

सरांनी आकडा सांगितला. रजिस्टर उघडावं लागलं नाही.

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितला. पलीकडे ती कुणाला तरी हाक मारून म्हणाली, "अगं, इकडं ये, ऐक," आणि सरांना म्हणाली, "माझी लेक हाय. तिला सांगा." सरांनी तिसऱ्यांदा सांगितला, या वेळी एकेक अंक सुटा करून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उगाचच कीबोर्ड पुसला.

"मला वाटायचंच," ती म्हणाली. आता तिचा आवाज सावकाश झाला होता. "हातातनं सुटला तेव्हाच वाटलं होतं, हा गेला म्हणून. घरी कुणाला पटलं न्हाई. नंतर मलाबी पटेना."

"पुस्तकात तुझं नाव घालतो. पहिलं."

"नको. हरजीतचंच ऱ्हाऊ द्या. तिनं काय केलंय? पण खाली लिहा सर, काय झालं ते. माझा आकडा लिहा."

"लिहितो."

"आणि सर, त्या दिवशी तुमी पंगतीत का नव्हता, ते आज कळलं बघा. मी तुमचं ताट वाढून घेतलेलं. म्हटलं, सर येतील, त्यांच्यासमोर रडायचं न्हाई. सगळ्या मुली उठल्या तरी मी ताट धरून बसले होते."

सरांनी खिशातून पेन काढलं.

"काय होतं गं ताटात?" त्यांनी विचारलं.

"मसालेभात, सर. आणि जिलबी. दोन घेतलेल्या तुमच्यासाठी."

फोन ठेवल्यावर सर ताठ झाले आणि नेहमीच्या आवाजात सांगायला लागले. मी टाइप करत गेले. प्रथम: हरजीत. द्वितीय: शकुंतला माने. मग खाली शेरा: "शेवटच्या फेकीला टेप नवी होती. मोजणाऱ्यानं शून्य बघितलं नाही. शकुंतला माने हिची खरी फेक पुढीलप्रमाणे." त्यापुढे आकडा, आणि त्यापुढे "मोजणारा: दिगंबर खोत." आकडा मी बरोबर घातलाय का, हे त्यांनी स्क्रीनला नाक लावून दोनदा तपासलं.

"आता जेवण," मी म्हणाले.

"लिही. मसालेभात, जिलबी."

"आणि मीठ?"

सर विचारात पडले. हा मुद्दा त्यांनी फोनवर विचारायचा राहून गेला होता, आणि न बघितलेलं काही सांगायची त्यांना सवय नाही. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"बरोबर होतं म्हणून लिही," ते म्हणाले.